वीतभर लेस

लग्नाला पाच आठवडे उरले होते, टेबलक्लॉथच्या कडेची लेस वीतभर विणायची उरली होती, आणि पाव्लाचा उजवा हात बोटांच्या पेरांपासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता.

पाव्ला घसरली ती बर्फावर नाही आणि डोंगरवाटेवरही नाही. लेक नेझाच्या लग्नाला पाहुणे येणार म्हणून तिनं स्वतःच मेण चोळून आरशासारख्या केलेल्या स्वतःच्याच बैठकीच्या खोलीत ती घसरली. स्लोव्हेनियाच्या डोंगरातलं ते खाणीचं गाव. तिथं चढ नाही असा रस्ता नाही आणि उतार नाही असं अंगण नाही. सगळं आयुष्य त्या चढउतारावर दूध, लाकडं आणि लेक वाहिलेली बाई शेवटी सपाटीवर पडली.

"जमीन मात्र चमकतेय हं वहिनी," तिला उचलायला धावत आलेला शेजारचा सिरिल म्हणाला. सिरिल जुना खाणकामगार. माणसाला धीर द्यायची त्याची हीच पद्धत.

आता एवढ्याशा लेसचं एवढं काय, असं परगावचा माणूस म्हणेल. पण त्या दरीतली रीत अशी, की लेकीच्या लग्नाच्या जेवणाला जे कापड अंथरायचं, त्याच्या कडेची लेस आईच्या हातची हवी. पहिल्या टाचणीपासून शेवटच्या टाचणीपर्यंत. आणि हात लपत नाही. जसं अक्षर, तसा हात. कुणाचा सैल, कुणाचा ताठ, कुणाचा पावसाळी दिवसासारखा मंद. त्यातून नवरामुलगा पलीकडच्या दरीतला, आणि त्याची आजी तेरेझिया अजून जिवंत. वय चौऱ्याऐंशी, नजर अधू, पण बोटं जागी. लग्नात ही बाई आधी नवरीचं तोंड पाहत नाही, टेबलाची कड चाचपते, असा तिचा लौकिक दोन दऱ्यांत होता. एका लग्नात तिनं कड चाचपून "ही चार बोटं मावशीनं केलीत" एवढंच म्हटलं होतं, आणि त्या घरातल्या दोघी बहिणी त्यानंतर सात वर्षं बोलत नव्हत्या.

"मी करते पुरी," समोरची झोफ्का म्हणाली. "कुणाला कळणार आहे?"

"तुझा हात सैल आहे, झोफ्का. पहिल्याच वळणावर कळेल."

"माझा सैल, आणि तुझा कंजूष. दोरा असा ओढतेस जसा काही परत द्यायचाय."

"म्हणून तर कळेल म्हणते."

या संवादाच्या वेळी पाव्लाचा नवरा व्हिक्टोर लापायने कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचत होता. व्हिक्टोर जमीन मोजणीच्या कचेरीतून निवृत्त झालेला. पस्तीस वर्षं त्यानं लोकांच्या शेताच्या, गोठ्यांच्या आणि भांडणांच्या हद्दी आखल्या होत्या. त्यानं पेपर खाली ठेवला, चष्मा पुसला आणि म्हणाला, "मी करतो."

दोघी बायका त्याच्याकडे पाहत राहिल्या.

"नीट ऐका. झोफ्काचा हात ओळखू येतो, कारण तिला हात आहे. मला हातच नाही. मी कोरा कागद. पाव्ला सांगेल तसं माझ्या हातून उमटेल. मग ओळखू कसं येणार?"

या युक्तिवादात चूक काढायला जागा नव्हती. व्हिक्टोरच्या सगळ्याच कल्पनांचा हा दोष होता.

"आणि त्यात आहे तरी काय?" तो पुढे म्हणाला. इथंच थांबला असता तर बरं झालं असतं. "इतकी वर्षं बघतोय मी. दोनच तर हालचाली. एक ओलांड, एक पीळ. बाकी सगळं डोकं."

"डोकं," पाव्ला म्हणाली. एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं. लेसचं सामान तसं साधं. भुसा भरलेला, मांडीवर मावेल एवढा गोल लोड, त्यावर टोचलेला कागदी खाका, खाक्यावर टाचण्या, आणि टाचण्यांपासून लोंबणाऱ्या आलुबुखाराच्या लाकडाच्या चौदा कांड्या. दोन दोन कांड्यांची एक जोडी, अशा सात जोड्या. पाव्लाच्या हाती त्या कांड्या अशा वाजायच्या, जशी दूरच्या कुरणातून घरी निघालेली मेंढरं. व्हिक्टोरच्या हाती त्या वाजल्या तेव्हा स्वयंपाकघरातून पाव्लानं विचारलं, "काय सांडलं?"

व्हिक्टोर डोक्याचा माणूस, म्हणून त्यानं डोकं वापरलं. चौदाही कांड्यांवर कचेरीच्या निळ्या शाईनं एक ते चौदा आकडे घातले. मोठ्या कागदावर अठ्ठावीस रकान्यांचा तक्ता आखला: तिसरी चौथीवरून, पाचवी सहावीखालून, टाचणी, पुन्हा तिसरी. तक्ता इतका देखणा झाला की तो भिंतीवर लावावासा वाटला. अडचण एवढीच होती की कांड्यांनी तक्ता वाचला नव्हता. चौथ्या ओळीला अकरावी कांडी दुसरीच्या जागी जाऊन बसली होती आणि ती तिथं कशी गेली हे कुणीच सांगू शकलं नसतं. त्यातच बोटांना घाम आला, घामानं शाई उतरली, आणि सरावाच्या दोऱ्यावर उमटलेली पहिली दोन बोटं लेस निळी निघाली.

"आकाश आहे ते," सिरिल खिडकीतून म्हणाला. "चांगलं आलंय. पण बोटं तुमची ताठ आहेत हो लापायने. खाणीत आमचीही ताठायची. डुकराची चरबी कोमट करा आणि रोज चोळा."

चरबी चोळली. बोटं मऊ झाली, दोरा त्याहून मऊ झाला. कांड्या हातातून सुटून चकचकीत जमिनीवरून थेट कपाटाखाली गेल्या, आणि त्या काढायला व्हिक्टोर पोटावर झोपला असताना झोफ्का आली. ती खाली वाकून म्हणाली, "बोटांना कणकेची सवय लावा." मग त्यानं झ्लिक्रोफी वळायला घेतली. बटाट्याचं सारण भरून पिटुकल्या टोपीसारखी दुमडायची ती उकडीव करंजी. लग्नात लागणारच होती. त्यानं साठ वळली. उकळत्या पाण्यात पडताक्षणी साठांनीही टोप्या काढल्या, आणि त्या संध्याकाळी लापायनेंच्या घरी बटाट्याचं सूप होतं.

पाव्लानं स्वतः का नाही शिकवलं? शिकवलं की. दोन दिवस शिकवलं. पण या दोघांचा संसार पस्तीस वर्षं टिकला तो एकमेकांना कधी काही न शिकवल्यामुळेच, हे दुसऱ्या दिवशी दुपारी दोघांच्याही लक्षात आलं.

"तू लेसच्या शाळेत जा," पाव्ला म्हणाली.

गावात लेसची शाळा आहे. पोरं आपली दुपारची शाळा सुटली की तिथं जातात. प्रवेशाच्या खिडकीत अल्बिनाबाई बसायच्या. त्यांनी अर्ज पुढे सरकवला. व्हिक्टोरनं तो सुंदर अक्षरात भरला आणि परत दिला.

"इयत्ता लिहिली नाही," बाई म्हणाल्या.

"मी त्रेसष्ट वर्षांचा आहे."

"ते दिसतंय मला. पण नवशिक्यांचा वर्ग पहिली ते तिसरीचा. रकाना रिकामा ठेवता येत नाही."

"मग 'लागू नाही' लिहितो."

"लागू नसेल तर प्रवेशही लागू नाही." बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "आणि इथं पालकाची सही लागेल. शाळेच्या डॉक्टरांचा दाखलाही."

पस्तीस वर्षं दुसऱ्यांचे अर्ज एका शिक्क्यासाठी परत पाठवलेल्या माणसाला या बोलण्यातला नियमशीरपणा आवडायला हवा होता. त्याला तो आवडला नाही. तो घरी गेला. पाव्लानं डाव्या हातानं, वेड्यावाकड्या अक्षरात, पालक म्हणून सही केली. 'पाल्याशी नातं' या रकान्यात तिनं जरा विचार करून 'सहन करते' असं लिहिलं आणि मग खोडून 'पत्नी' केलं. शाळेच्या डॉक्टरनं सवयीनं त्याला तोंड उघडायला लावलं, दुधाचे दात पडले का ते पाहिलं आणि दाखल्यावर लिहिलं: पडले आहेत.

वर्गात बुटक्या खुर्च्या होत्या. गुडघे कानाला लावून व्हिक्टोर बसला. आजूबाजूला अठरा पोरं, अठरा लोड, आणि कांड्यांचा असा किलबिलाट की डोळे मिटले तर चिंचोळ्या ओढ्याकाठी उभे आहोत असं वाटावं. शिक्षिका ब्रिगिताबाई पोरांकडून म्हणून घ्यायच्या:

ओलांड गं बाई, पीळ गं बाई,
टाचणीशी क्षणभर थांब गं बाई.
दोरा जाईल आपल्या गावा,
वाट त्याला सांगू नको बाई.

व्हिक्टोरला शेवटची ओळ पटली नाही. वाट सांगायची नाही तर दोरा जाणार कसा? तो ओठातल्या ओठात आकडे मोजत होता आणि दर पाच मिनिटांनी चुकत होता. त्याच्या शेजारी आयदा नावाची दुसरीतली मुलगी बसायची. ती तिच्या कुत्र्याबद्दल, मावशीबद्दल आणि पडलेल्या दाताबद्दल अखंड बोलायची, लोडाकडे बघायचीही नाही, आणि तिची लेस वेलीसारखी वाढत होती.

"तू मोजत कशी नाहीस?" त्यानं न राहवून विचारलं.

"बोलताना कसं मोजणार आजोबा?" तिला त्याची दया आली असावी. "मी सांगते ना, आमचं गॅरेज आहे ना, ते बाबांनी शेजारच्यांच्या जागेत थोडंसं बांधलंय. पण ते शेजारच्यांना माहीत नाही."

"थोडंसं म्हणजे?" व्हिक्टोर म्हणाला.

आणि मग तो जो सुटला. हद्द म्हणजे काय, दगड कुठं रोवतात, सरकारी नकाशात रेषेची जाडी किती आणि त्या जाडीत किती घरं बुडाली, आयदाचे बाबा कोणत्या कलमाखाली येतात. लाल झाला होता तो. बोलता बोलता पंधरा मिनिटं गेली. थांबला तेव्हा ब्रिगिताबाई त्याच्या लोडाकडे पाहत होत्या. लोडावर दोन बोटं लेस झाली होती. सरळ, घट्ट, बिनचूक. त्यानं खाली पाहिलं, त्याला ती दिसली, आणि त्याच क्षणी त्याच्या हातून तीन कांड्यांचा गुंता झाला.

बाई त्याला काही बोलल्या नाहीत. त्या शाळा सुटल्यावर पाव्लाकडे गेल्या आणि पाऊण तास बसल्या.

"डोकं त्याचं हातांवर बसून राहतं," ब्रिगिताबाई म्हणाल्या. "कोंबडी अंड्यांवर बसावी तसं. हात गुदमरतात. त्याला कशात तरी गुंतवा."

"तो कशात गुंततो?"

"तुम्ही बायको आहात."

पाव्लानं विचार केला. "भांडणात," ती म्हणाली.

तिसऱ्या आठवड्यात व्हिक्टोर खऱ्या लोडावर, पाव्लाच्या अर्धवट लेसवर बसला. लग्न एकोणीस दिवसांवर. आणि त्याच सोमवारी, त्यानं पहिली कांडी उचलायच्या आत, सिरिल दारात उभा.

"लापायने, एक विचारायचं होतं. एकोणनव्वद साली तुमच्या कचेरीनं माझं कुंपण दोन हात आत घेतलं ना?"

"कोण म्हणतं?"

"सगळा गाव म्हणतो. फीत उलटी धरली होती म्हणे कुणीतरी."

दोन तास. जाताना सिरिल लोडाकडे एक चोरटी नजर टाकून गेला. मंगळवारी झोफ्का आली आणि म्हणाली, मशिनची लेस तशी हाताच्या लेसपेक्षा बरीच म्हणायची. बुधवारी पोस्टमननं पत्र हातात न देता, निवृत्त लोकांना पेन्शन जरा जास्तच मिळते असं मत दिलं. गुरुवारी तर खुद्द पाद्रीबाबा आले. चर्चचं घड्याळ सात मिनिटं पुढे नाही, सगळा गावच सात मिनिटं मागे आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढच्या आठवड्यांतही हीच मंडळी परत येत राहिली, आणि व्हिक्टोर सगळ्यांना पुरून उरला. आयुष्यात इतकं आणि इतकं छान तो कधी भांडला नव्हता. गावाला अचानक आपल्या मतांची भूक लागली आहे, निवृत्तीनंतर माणसाची खरी किंमत कळते, असं त्याला वाटू लागलं होतं. आणि खाली, त्याच्या नकळत, कांड्या चालल्या होत्या.

लग्नाला एकच दिवस उरला. लेस चार बोटं उरली. व्हिक्टोर दूध घ्यायला फ्रिजकडे गेला. दारावर चुंबकाखाली एक कागद होता, डाव्या हाताच्या वेड्यावाकड्या अक्षरात:

सोमवार – सिरिल, कुंपण. मंगळवार – झोफ्का, मशिन. बुधवार – पोस्टमन, पेन्शन. गुरुवार – पाद्रीबाबा, घड्याळ. शुक्रवार – सिरिल पुन्हा (फीत).

तो कागद घेऊन बैठकीत आला. पाव्ला खिडकीशी होती.

"म्हणजे यांना कुणालाच माझ्याशी भांडायचं नव्हतं," तो म्हणाला.

"नव्हतं."

"पाद्रीबाबांनासुद्धा?"

"त्यांना तर जायचीच भीती वाटत होती. मी केक पाठवला."

माणसाला सगळा अपमान सोसता येतो, पण त्याची भांडणं उसनी होती हे कळणं सोसवत नाही. तो लोडाशी बसला. कांड्या उचलल्या. आता त्याला सगळं माहीत होतं, आणि माहीत असलेल्या माणसाच्या हातून लेस होत नाही. एक ओलांड चुकली. दुसरी चुकली. सिरिल आपल्या वेळेला आला, "ती फीत..." म्हणाला, व्हिक्टोरचं तोंड पाहिलं आणि टोपी घालून निघून गेला. दुपार सरली. चार बोटं तशीच.

"राहू दे," पाव्ला शेवटी म्हणाली. "तेवढी कड मी टेबलाच्या मागच्या बाजूला घेईन. सापडली तर सापडली."

"राहू दे कसं? पस्तीस वर्षांत एकदा तू माझ्याकडे काम दिलंस."

"दिलं नव्हतं. तू घेतलंस. मी सांगणार तरी कधी? या लोडावर मी पस्तीस वर्षं बसले. तू इथून असा जायचास, जसं रेडिओवर दुसऱ्याच गावचं हवामान लागलंय."

"तू मोजत असायचीस." त्याचा आवाज चढला. "मी बोललो असतो तर तुझं चुकलं असतं. मी गप्प बसायचो ते तुझ्यासाठी. चपला काढून हातात घेऊन जायचो इथून."

"मी कधी मोजलं नाही, व्हिक्टोर."

"तुझे ओठ हलायचे."

"गाणं म्हणायचे मी. नेझा लहान होती तेव्हा तिला म्हणायचे, मग ती ल्युब्लियानाला नोकरीला गेली, तेव्हापासून भिंतीला. मला वाटायचं, हा माणूस कधीतरी विचारेल, काय म्हणतेस गं?"

"मला काय माहीत? तू कधी मान वर करून बघितलंस?"

"तू चपला घातल्या असत्यास तर बघितलं असतं. पावलंच वाजली नाहीत."

हे भांडण कुणाच्या यादीत नव्हतं. त्यात तिची आई निघाली, त्याची बदली निघाली, नेझाच्या जन्माच्या वेळी तो कुठल्या गोठ्याची हद्द मोजत होता ते निघालं. आवाज चढले, मग खाली आले. ऊन लोडावरून जमिनीवर उतरलं. केव्हातरी त्यानं विचारलं, "काय म्हणायचीस?" आणि तिनं, लाजत, पहिलं कडवं म्हटलं. मग दुसरं. त्याला ते गाणं येत नव्हतं, म्हणून तो नुसता ऐकत राहिला.

तिसऱ्या कडव्याला तिनं डाव्या हातानं त्याच्या मनगटावर हलकेच बोट ठेवलं. "थांब. पुढे खाका नाही."

चार बोटं पुरी झाली होती.

शनिवारी जेवणाला माणसं बसली. नेझा नवऱ्याशेजारी होती, आणि सिरिल, झोफ्का, पोस्टमन एका रांगेत. या रांगेतल्या प्रत्येकाला सगळं ठाऊक होतं आणि प्रत्येकानं सकाळीच चर्चच्या दारात पाव्लाला डोळ्यांनी वचन दिलं होतं. तेरेझिया आजीला दोघांनी धरून आणलं. तिनं खुर्चीवर बसण्याआधी टेबलाची कड हाती घेतली.

अंगठा आणि तर्जनीत धरून ती कडेकडेनं सरकत निघाली. लांबच्या लांब कड, पाव्लाच्या दोन वर्षांच्या संध्याकाळी. म्हातारी मान डोलावत होती. मग ती थांबली. त्याच जागी. टेबलावर चमचाही वाजेना.

"इथं पाव्ला भडकली होती," आजी म्हणाली. "दोरा बघा कसा आवळलाय. रोज भडकलेली दिसते."

पाव्लानं श्वास सोडला. "हो आजी. फार भडकले होते."

"हां." बोटं पुढे सरकली. "आणि इथं, या शेवटच्या चार बोटांत... निवलीस. कुणीतरी समजूत काढली."

"काढली," पाव्ला म्हणाली. "उशीर केला, पण काढली."

व्हिक्टोरनं तोंड उघडलं. त्रेसष्ट वर्षांत त्याच्या हातानं केलेली ही एकच सुंदर वस्तू होती. सिरिलनं टेबलाखालून त्याच्या पायावर पाय ठेवला, पण त्याची गरज नव्हती. आजीनंच अधू डोळे त्याच्याकडे वळवले होते.

"आणि तुम्ही हो? ही बिचारी हे विणत होती तेव्हा तुम्ही काय करत होता?"

व्हिक्टोरनं पाव्लाकडे पाहिलं. मग म्हणाला, "भांडत होतो, आजी."

"खरं आहे," सिरिल म्हणाला. "आम्ही साक्षीला होतो."

"रोज," झोफ्का म्हणाली.

"वाटलंच मला." म्हातारीनं मान हलवली आणि त्या वीतभर लेसवरून अंगठा पुन्हा एकदा, मायेनं, सावकाश फिरवला. "पुरुषाच्या जातीला दुसरं काय जमणार?"